विकीचीं पानें कोठें ठेवावीं?

आपल्या सोयगाव तालुक्याचा एक लहानसा कोश आपण शाळेंतच तयार करावयाचा आहे, अशी क्षणभर कल्पना करा. एक पान फर्दापूरचें, एक अजिंठ्याच्या लेण्यांचें, एक कपाशीचें. ज्यास जें ठाऊक असेल त्यानें तें लिहावें, आणि दुसऱ्यास त्यांत चूक आढळली तर त्यानें ती तेथल्या तेथें दुरुस्त करावी. संगणकावर असा सर्वांनीं मिळून लिहिलेला जो संग्रह, त्यास विकी म्हणतात. हवाई बेटांच्या भाषेंत ‘विकी’ म्हणजे चटकन. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन गृहस्थांनीं १९९५ च्या मार्चांत पहिला विकी चालू केला. आतां आरंभींच प्रश्न येतो तो असा कीं, हीं पानें संगणकांत ठेवावयाचीं कशीं?

पुण्याच्या पेशवे दफ्तराचें उदाहरण घेऊं. तेथें जुने कागद रुमालांत बांधून ठेविलेले आहेत. रुमाल सोडला कीं कागद हातीं येतो; मोडी वाचतां आली म्हणजे झालें. प्रत्येक पानाची एक स्वतंत्र फाईल ठेवणें हें असेंच आहे. कोणत्याही संगणकावर ती उघडते. परंतु हवा असलेला कागद नेमका कोणत्या रुमालांत? त्या दफ्तरांतून निवडलेले कागद पंचेचाळीस भागांत छापून काढण्यास गो. स. सरदेसाई यांच्यासारख्या व्यासंगी पुरुषास व त्यांच्या साहाय्यकांस १९३० ते १९३४ हीं वर्षें खर्चावीं लागलीं. डेटाबेस म्हणजे अशा दफ्तराच्या दारांत बसविलेला दक्ष कारकून होय. कागदास आपण हात लावावयाचा नाहीं, कारकुनास विचारावयाचें. फर्दापूरचा उल्लेख कोणकोणत्या पानांत आहे, गेल्या महिन्यांत कोणीं काय बदललें, हें तो आपल्या सूचींतून तत्काळ सांगतो. दोघे एकदम एकच पान दुरुस्त करूं लागले तर एकाचें लिहिणें दुसऱ्याच्या लिहिण्याखालीं गडप होऊं नये, ही काळजी घेण्याचें साधनही त्याच्यापाशीं असतें. फायलींतही ही व्यवस्था करतां येते. पण ती प्रोग्राम लिहिणाऱ्यास स्वतः रचावी लागते.

विकिपीडियानें दोन्ही मार्ग चोखाळले आहेत. १५ जानेवारी २००१ रोजीं तो सुरू झाला, तेव्हां त्याचीं पानें साध्या फायलींत होतीं. लेखक व वाचक वाढले तसा तो मंदावूं लागला. एका वर्षानें माग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्यानें लिहिलेला नवा प्रोग्राम आला, आणि पानें डेटाबेसांत गेलीं. त्याच वर्षाच्या जुलैंत ली डॅनियल क्रॉकर यांनीं तो पुन्हा नव्यानें लिहिला; त्यालाच पुढें मीडियाविकी हें नांव मिळालें. २००३ सालीं सुरू झालेला आपला मराठी विकिपीडियाही आज त्याच्यावरच चालतो.

यावरून फायली टाकाऊ ठरतात, असें मात्र समजूं नये. पहिल्या प्रोग्रामाचा नियमच असा होता कीं, पानाच्या जुन्या आवृत्त्या थोडे दिवस ठेवून पुसून टाकावयाच्या. त्यामुळें विकिपीडियाच्या बाल्यावस्थेंतील पुष्कळ लिखाण कायमचें गेलें अशी समजूत होती. २०१० च्या डिसेंबरांत टिम स्टार्लिंग यांस जुन्या फायलींच्या प्रती सांपडल्या, आणि नऊ वर्षांनंतर त्या वाचतांही आल्या!

देवनागरींत लिहिणाऱ्यास फायलींची एक अडचण विशेष जाणवते. संगणक आपली प्रत्येक खूण, मग ती काना असो वा मात्रा, तीन बाइटांत लिहितो, आणि फाईलच्या नांवास बहुधा २५५ बाइटांचीच जागा असते. डोकुविकी हा फायलींवर चालणारा एक चांगला प्रोग्राम आहे. पण मूळच्या मांडणींत तो नांवांतील प्रत्येक बाइटाचीं तीन अक्षरें करतो. म्हणजे ‘सोयगाव’ या सहा खुणांच्या नांवास चोपन्न अक्षरें लागलीं. ‘सोयगाव तालुक्यांतील कपाशीची लागवड’ हा साधा मथळा त्यांत मावतच नाहीं. ही मांडणी बदलतां येते. पण तें पहिलें पान लिहिण्यापूर्वींच करावें, मागाहून सर्व फायलींचीं नांवें बदलीत बसण्यांत अर्थ नाहीं.

तरीही आपल्या कोशासाठीं मी फायलीच निवडीन. पानें फार तर दोनचारशें, लिहिणारा एक वर्ग. वीज जाते, संगणक बिघडतो, शिक्षकांची बदली होते; नव्यानें येणाऱ्यास डेटाबेसाचें ज्ञान असेलच असें नाहीं, पण फाईल कोणासही उघडतां येते. शिवाय तिची नक्कल काढणें सोपें. डेटाबेस चालू असतां त्याच्या आंतल्या फायली नुसत्या उचलून नेल्या तर नक्कल सदोष निघण्याचा संभव असतो; तेथें मजकूर रीतसर बाहेर काढून घ्यावा लागतो. मराठी विकिपीडियाचा मजकूर असा वेळोवेळीं काढून सर्वांसाठीं खुला ठेविलेला असतो.

आणि नक्कल काढली कीं काम संपलें असेंही नव्हे. आपल्याच तालुक्यांतील अजिंठ्याचीं चित्रें रॉबर्ट गिल यांनीं वर्षानुवर्षें लेण्यांत बसून उतरविलीं. त्यांतील बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसांतील आगींत जळालीं. पुढें मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांसह पुन्हा नकला केल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ सालीं लंडनलाच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. दोन्ही वेळीं बहुतेक चित्रें एका छपराखालीं होतीं. म्हणून आपल्या कोशाची एक प्रत शाळेंत, दुसरी गांवांत कोणाच्या तरी घरीं, आणि तिसरी परगांवीं ठेवावी.