पोळी सुटली, गहू सुटला नाही

सीलिअ‍ॅकचं (गहू, जव यांतलं ग्लुटेन न चालणाऱ्या आजाराचं) निदान होऊन वर्ष होत आलं तरी माझा टीटीजीचा, म्हणजे या आजाराच्या रक्ततपासणीतला, आकडा खाली येईना. पोळी, ब्रेड, शिरा, शेवया, सगळं बंद होतं. हिमोग्लोबिन वाढत नव्हतं, पोट फुगलेलंच. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "मधूनमधून चोरून खाता का हो?" शेजारी बसलेल्या नवऱ्याने माझ्याकडे वळून पाहिलं. ते पाहणं मला अजून टोचतं. मुलाच्या वाढदिवसाला केकचा तुकडाही तोंडात घातला नव्हता मी!

उत्तर गिरणीत सापडलं. माझ्या आधीच्या बाईंचे गहू दळून झाले आणि गिरणीवाल्याने लगेच माझी बाजरी वर ओतली. खाली कापडी तोंडातून आधी पिवळसर पीठ पडलं. हळूहळू त्यात करडा रंग मिसळला, मग बाजरी दिसू लागली. ते पिवळसर पीठ माझ्याच डब्यात गेलं. दर वेळी जात होतं. भाकरी खाऊन मी गहूच खात होते.

गिरणीवाल्याला चक्की साफ करायला सांगितलं, तर म्हणाला, "ताई, एवढ्याशा पिठाने काय होतंय?" उपवासाची भाजणी आली की हाच माणूस चक्की झाडून घेतो, गव्हाचा कण लागू देत नाही. उपवासाला जे जमतं ते आजाराला का जमू नये?

मग स्वयंपाकघरातली एकेक डबी उलटून वाचली. हिंगाच्या डबीवर गव्हाचं पीठ लिहिलेलं, आणि हिंग आमच्या रोजच्या फोडणीत. मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीतही बहुधा असतोच. माल्ट म्हणजे जव, तेही चालत नाही. आहारतज्ज्ञांनी मला दिलेल्या कागदावर यातलं काही नव्हतं. फक्त 'गहू टाळा'.

घरघंटी घ्या, आणि तिच्यात गहू एकदाही घालू नका. धान्य निवडून, धुऊन, वाळवून मगच दळा. हिंग तांदळाच्या पिठातला मागा. तवा, पोळपाट-लाटणं वेगळं ठेवा. पुऱ्या तळलेल्या तेलात तळलेला साबुदाणा वडा चालत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' लिहिलेलं असेल तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन नसावं असा आपल्याकडचा नियम आहे. सुट्या पिठाला मात्र कोण विचारतो?

या आजाराची शंका असेल तर तपासणीच्या आधी गहू सोडू नका. आधीच सोडला तर रक्ततपासणी आणि बायोप्सी दोन्ही फसू शकतात.

घरघंटी आली, हिंग बदलला, आणि पुढच्या तपासणीत आकडा निम्म्याहून खाली आला. डॉक्टर "छान" म्हणाले. चोरून खाण्याबद्दल चकार शब्द नाही. मीच रिपोर्ट पुढे सरकवून सांगितलं, की मी तेव्हाही काही खात नव्हते.

आईवडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करून घ्या. हा आजार रक्ताच्या नात्यात सापडतो. माझ्या मुलाची केली. भावाला किती वेळा सांगितलं, त्याचं आपलं "बघू" चाललंय.