फेफऱ्यावरील दोन औषधे

फेफरे आले की आमच्या धामनोदकडे अजूनही कोणी तरी रोग्याच्या नाकाशी कांदा धरतो. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो, श्रेय मात्र कांद्याला जाते! खरा विचार करावयाचा तो रोजच्या गोळीचा.

व्हॅल्प्रोएट हे १९६७ साली फ्रान्समध्ये प्रचारात आलेले औषध सर्वांगाच्या झटक्यांवर फार गुणकारी आहे. परंतु गर्भारपणी ते चालू असल्यास दहांतील सुमारे एका मुलात जन्मजात व्यंग आढळते. तिघाचौघांचे बोलणे, शिकणे मागे पडते. लेव्हेटिरासिटाममध्ये हा धोका पुष्कळच कमी. मात्र त्याने काहींचा स्वभाव चिडका होतो, मन खिन्न राहते.

म्हणून उपवर मुलीच्या आईबापांना आमची विनंती, की दुखणे लपवून लग्न उरकू नये. हिंदू विवाह कायद्यातील फेफऱ्याची आडकाठी १९९९ च्या दुरुस्तीने गेलेलीच आहे. लपवाछपवीत गोळी बदलण्याविषयी डॉक्टरांशी बोलणे राहून जाते, आणि दिवस गेल्यावर मुलगी घाबरून औषधच टाकते. असे एकाएकी टाकल्यास लागोपाठ झटके येऊन आई व मूल दोघांच्याही जिवावर बेतते. बदल करणे तो लग्नाआधीच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू करावा.