क्लासची फी भरण्याआधी

पालकहो, दहावीची परीक्षा संपली की माझ्या दवाखान्यात हमखास एक प्रश्न येतो. "डॉक्टर, मुलीला नीटला बसवायचंय, क्लास कुठला लावू?" मी विचारते, "तिनं दवाखान्याचं काम कधी जवळून पाहिलंय?" आई-बाबा एकमेकांकडे बघतात.

नीटचे 180 प्रश्न, 720 गुण आपल्याला पाठ असतात. त्यापुढे एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि वर्षभराची इंटर्नशिप. एवढी लांबची वाट धरण्याआधी मुलांना निदान चार दिवस ते काम बघू द्या.

गेल्या मे महिन्यात पंधरा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे येऊन बसायची. एका आजींना सलाईन लावायचं होतं, शीर सापडेना. सिस्टरनी सुई बाजूला ठेवली, आजींचा गार पडलेला हात चोळून ऊब दिली, नातवाची चौकशी केली. आजी बोलत्या झाल्या, हात सैल पडला आणि शीर मिळाली. संध्याकाळी मुलगी म्हणाली, "मला सिस्टरांसारखं काम करायचंय." आई खट्टू झाली. मला मात्र वाटलं, पोरीला नेमकं काहीतरी दिसलं! बीएस्सी नर्सिंग हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. फिजिओथेरपी, लॅब टेक्निशियन, ऑप्टोमेट्री या कामांसाठी तर 2021 मध्ये केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला. यांतलं कुठलंच काम 'डॉक्टर होता आलं नाही म्हणून' करायचं नाही.

असं काम जवळून बघायला मोठ्या ओळखी लागत नाहीत. तुमचे फॅमिली डॉक्टर, गल्लीतली पॅथॉलॉजी लॅब, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी यांना विचारा. अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी आशाताई आणि नर्सताई कशा राबतात, तेही बघण्यासारखं असतं. अर्ज मात्र मुलालाच लिहू द्या: इयत्ता, कोणते दिवस, काय बघायचंय. खाली तुमची संमतीची सही. एखाद्यानं नकार दिला तर वाईट वाटून घेऊ नका, पुढचं दार ठोठावा.

जाताना चार गोष्टी बजावून सांगा. पेशंटची हरकत असेल तर निमूट बाहेर थांबायचं. मोबाईल पिशवीत. सुई, रक्त, कशालाही हात लावायचा नाही. आणि कानावर पडलेलं कुणाचंही दुखणं घरीसुद्धा बोलायचं नाही.

परत आल्यावर मूल म्हणालं, "मला हे नको," तर रागावू नका. दोन वर्षांनी कळण्यापेक्षा चार दिवसांत कळलेलं बरं. त्याचं म्हणणं ऐकून घ्या, मगच फी भरायची की नाही ते ठरवा.