शेवटचें कर्तव्य

रणांगणावर दिसतें तेवढेंच धैर्य नव्हे. शरीर रोगानें जर्जर झालें असतां हातीं घेतलेलें काम न सोडणें, हेंही धैर्यच होय. न्यूयॉर्कच्या पोलीस खात्यांतील लुईस अल्वारेझ यांच्या चरित्रावरून आम्हांस हें शिकतां येतें.

अल्वारेझ यांचा जन्म क्यूबांतील हवाना शहरीं झाला व ते न्यूयॉर्कमध्यें लहानाचे मोठे झाले. १९९० सालीं ते पोलीस खात्यांत शिरले व पुढें बाँब निकामी करणाऱ्या पथकांत त्यांनीं काम केलें. ११ सप्टेंबर २००१ रोजीं दहशतवाद्यांनीं विमानें आदळून वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन्ही मनोरे पाडले. त्या ढिगाऱ्यांत अल्वारेझ सुमारें तीन महिने राबले. तेथील धुळींत काँक्रीट व कांच यांचा चुरा आणि अ‍ॅस्बेस्टॉससारखे घातक पदार्थ मिसळलेले होते. अंगावरची धूळ त्याच दिवशीं धुतली गेली. श्वासावाटे आंत गेलेली मात्र राहिली. कित्येक कामकऱ्यांस पुढें दुर्धर रोग जडले. अल्वारेझ २०१० सालीं निवृत्त झाले आणि २०१६ सालीं त्यांस आंतड्याचा कर्करोग झाल्याचें कळलें.

अशा रोग्यांसाठीं व त्यांच्या कुटुंबांसाठीं सरकारी निधि होता. परंतु अर्ज वाढत गेले, पैसा अपुरा पडूं लागला आणि २०१९ च्या फेब्रुवारींत मदतीच्या रकमा निम्म्यानें व त्याहूनही अधिक कमी करण्याचें ठरलें.

तेव्हां ११ जून २०१९ रोजीं अल्वारेझ वॉशिंग्टन येथें काँग्रेसच्या समितीपुढें साक्षीस उभे राहिले. केमोथेरपीचे ६८ उपचार झाले होते. ६९ वा दुसऱ्याच दिवशीं होता. देह अत्यंत कृश झाला होता. समोरचीं पुष्कळ आसनें रिकामीं होतीं. तरीही त्यांनीं शांतपणें सांगितलें कीं, आपण इतरांहून निराळें कांहींच केलें नाहीं, आपला जीव दुसऱ्या कोणाच्या जिवाहून मोलाचा नाहीं आणि हा निधि म्हणजे चैनीचें साधन नसून मागें राहणाऱ्या कुटुंबांचा आधार आहे.

दुसऱ्या दिवशींचा उपचार होऊं शकला नाहीं. यकृत निकामी होत चाललें होतें. २९ जून रोजीं, वयाच्या ५३ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. पुढें जुलैंत प्रतिनिधिगृहानें ४०२ विरुद्ध १२ व सेनेटनें ९७ विरुद्ध २ मतांनीं नवा कायदा संमत केला. २९ जुलै रोजीं त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली व निधीची मुदत २०९२ पर्यंत वाढली. त्या कायद्याच्या नांवांत अल्वारेझ यांचें नांव आहे.

विद्यार्थी मित्रहो, दुखण्याकडे दुर्लक्ष करणें म्हणजे चिकाटी नव्हे, हें आपण नीट ध्यानांत धरूं या. अल्वारेझ यांनीं वैद्यांचे उपचार घेतले. परंतु उपचारांनंतर जी अल्प शक्ति उरली ती कोणासाठीं वेंचावी, हें त्यांनीं स्वतः ठरविलें. आजार कोणता यावा हें आपल्या हातीं नसतें. उरलेल्या बळाचा विनियोग मात्र आपल्याच हातीं असतो.