तेलाच्या नळीत शिरलेली हवा

पौष-माघाच्या सुमारास, म्हणजे तमिळ पंचांगातील 'तै' महिन्यात, तंजावर जिल्ह्यात सांबा भाताची कापणी होते आणि पोत्यांनी लादलेल्या मालमोटारी खरेदी केंद्रांकडे निघतात. समजा, अशी एखादी मोटार भुईमुगाच्या वा करंजाच्या तेलावर चालावी म्हणून तिच्यात फेरफार केला आहे. ती दोन-तीन मैल बिनतक्रार जाते, मग गचके खाते व बंद पडते. टाकी भरलेली असते. चालक नॉझल खोलून पाहतो, पंपाला दोष देतो. बहुधा दोघेही निर्दोष असतात. नळीत हवा शिरलेली असते.

वनस्पती तेलावर इंजिन चालणे ही गोष्ट नवी नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते. अडचण जळण्याची नसून वाहण्याची आहे. ४० अंश सेल्सिअस तपमानालाही ही तेले डिझेलच्या दसपट किंवा त्याहून अधिक दाट असतात. म्हणून मोटार डिझेलवर सुरू करतात, इंजिनाच्या गरम पाण्याने तेल तापवितात आणि मग तिहेरी तोटी फिरवून तेलाची टाकी जोडतात.

इंजेक्शन पंप द्रवावर सुमारे दोनशे वातावरणांचा दाब आणतो, तेव्हा नॉझल उघडते. द्रव जवळजवळ दबत नाही. हवा मात्र दबते. बुडबुडा आला की पंपाचा दट्ट्या हवाच दाबीत राहतो आणि नॉझल उघडतच नाही.

हवा शिरते ती टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात. येथे पंप तेल ओढतो, त्यामुळे नळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. साहजिकच सैल सांध्यातून तेल गळत नाही, हवा आत जाते. चालक ओल शोधतो आणि ओल कोठेच नसते! तेल दाट असले की ओढ वाढते; डिझेलला पुरेसा घट्ट असणारा सांधाही मग हवा घेतो. शिवाय फेरफार करताना बसविलेली तोटी, तापक व जादा गाळणी बहुधा याच भागात येतात. संशय प्रथम यांच्यावर घ्यावा. पट्टुकोट्टै-पेरावुरणीकडचे खोबरेल वापरल्यास आणखी एक पेच पडतो. ते सुमारे २४ अंशांखाली गोठते. मार्गळीच्या पहाटे गाळणी तुंबते आणि ओढ फारच वाढते.

शोधाची रीत सोपी आहे. फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा जोडावा व बुडबुडे पाहावेत. तोटी डिझेलकडे फिरविताच ते नाहीसे झाले, तर दोष तेलाच्या शाखेत; तसेच राहिले, तर तोटीपासून पुढे. मग तेलाचा डबा इंजिनापेक्षा उंच ठेवून त्यातून आखूड नळीने तेल सोडावे. आता ओढीऐवजी तेलाचाच दाब पडतो, त्यामुळे त्या वाटेवरील सदोष सांधा बाहेरून ओलावतो. तांब्याचे जुने वायसर पुन्हा बसवू नयेत, ते कडक झालेले असतात. साध्या रबरी नळ्या या तेलात फुगतात व मऊ पडतात. तेल सहन करणारी नायट्राइल रबराची नळी घ्यावी.

दोष दूर झाल्यावर हवा काढावी, तीही डिझेलवरच. दाट तेलातून बुडबुडे लवकर निघत नाहीत. गाळणीवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. फेसाळ धार स्वच्छ झाली की स्क्रू आवळावा. इंजेक्शन पंपावरही तेच करावे. शेवटी नॉझलांच्या नळ्यांचे नट किंचित ढिले करून इंजिन स्टार्टरने फिरवावे. या नळ्यांजवळ बोट नेऊ नये. उडणारी बारीक धार कातडी भेदून आत शिरते. इंजिन बंद करण्याआधी काही मिनिटे पुन्हा डिझेलवर चालवावे, म्हणजे नळ्यांत दाट तेल राहत नाही व सकाळी पहिल्या फेऱ्यांतच इंजिन पेटते.