लायरा खोटं बोलते

आईबाबांनो, आमच्या डोंबिवलीच्या घरात मागच्या महिन्यात महाभारत झालं. नववीतल्या लेकीने चाचणीचा पेपर दप्तराच्या तळाशी, डब्याच्या रुमालात गुंडाळून लपवला होता. मी तावातावाने विचारलं, तर म्हणते, "लायरापण खोटं बोलते की!"

कोण ही लायरा? फिलिप पुलमन यांच्या १९९५ सालच्या 'नॉर्दर्न लाइट्स'ची नायिका. तिच्या जगात माणसाचा आत्मा प्राण्याचं रूप घेऊन शेजारी वावरतो. लहानपणी हे रूप सारखं बदलतं, वयात येताना एकच ठरून जातं. लायराच्या सोबत्याचं नाव पॅन. पोर इतक्या सफाईने थापा मारते की अस्वलांचा राजासुद्धा फसतो.

असली पुस्तकं आजपासून बंद, हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि पुस्तकं मीच पर्समध्ये टाकली. इंग्रजी अडखळत, लोकलच्या गर्दीत वाचत गेले.

या मालिकेच्या तिसऱ्या भागात लायरा मृतांच्या देशात पोचते, सवयीने थाप ठोकते आणि तिथल्या राक्षसी पक्षिणी 'खोटारडी' असं किंचाळत तिच्या अंगावर झेपावतात. तिथे जाताना तिने पॅनला काठावर एकटं सोडलेलं असतं. २०१९ च्या 'द सीक्रेट कॉमनवेल्थ'मध्ये ती वीस वर्षांची आहे, तरी त्या दोघांमधली ती जखम भरलेली नाही. एकाच खोलीत राहायचं आणि धड बोलायचं नाही. शेवटी तिची हरवलेली कल्पनाशक्ती शोधायला पॅन तिला सोडून जातो. (वयात आलेली मुलगी घरात असेल, तर हा अबोला तुम्हाला ओळखीचा वाटेल.)

हे पुस्तक मात्र लहान वयात हाती देऊ नका. त्यात ट्रेनमध्ये सैनिक लायरावर हात टाकतात. क्लाससाठी रोज लोकलने ठाण्याला जाणाऱ्या मुलीला ते कसं भिडेल, हे आधी स्वतः वाचून ठरवा. मी ते तूर्त कपाटात ठेवलंय, आणि का ठेवलंय हेही लेकीला सांगितलंय.

पक्षिणींचं पान मात्र आम्ही दोघींनी मोठ्याने वाचलं. ती चादरीचा दोरा नखाने ओढत बसली होती.

"मार्कांचं बाबांना तू सांग ना."

"नाही. तूच सांग. मी शेजारी बसते."

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आई, तू रोज फोनवर 'ठाणं आलं' म्हणतेस, तेव्हा खरी कुठे असतेस?"

"घाटकोपरला," मी म्हणाले.