बडीशेपेच्या बशीतील पैसे

हॉटेलात जेवण झाले, की वेटर बडीशेपेच्या बशीत बिल आणून ठेवतो. आपण नोट देतो, तो सुटे आणतो. त्या सुट्यांतील काही आपण बशीतच राहू देतो, किंवा सगळे उचलून खिशात घालतो. बशीत राहिलेल्या या पैशांना दया म्हणावे, की कामाचा मोबदला, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की पुणे रस्त्यावर चिंचोळी एमआयडीसीजवळच्या एका हॉटेलात मी संध्याकाळी सहा ते रात्री बारा टेबले सांभाळतो आणि सकाळी कॉलेजात येतो.

पहिल्याच आठवड्यात एका ट्रक ड्रायव्हरने बशीत वीस रुपये सोडले. "काका, सुटे राहिले," म्हणत मी ट्रकपर्यंत पळालो. "तुझंच हाय ते, ठेव," ते म्हणाले. घरी आल्यावर आईला सांगितले. तिने आधी विचारले, "मागून घेतलंस का?" "न्हाई, ठेवून गेले." "मग घे." कॉलेजात वक्तृत्वात मिळते तेही बक्षीस आणि हेही बक्षीस, हे मात्र तिला पटेना!

वाचक म्हणतील, मालक पगार देतोच, मग आम्ही वेगळे का द्यावे? शंका रास्त आहे. हॉटेल कामगारांना किमान वेतन द्यावे हे १९४८ च्या कायद्यापासून चालत आले असून आता त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तेव्हा पोटापुरता पगार देणे हे मालकाचेच काम आहे, गिऱ्हाइकाचे नव्हे. अमेरिकेत ही जबाबदारी गिऱ्हाइकावर ढकलली गेली. तेथील केंद्रीय कायद्याने बक्षीस मिळवणाऱ्या नोकराला मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर रोख दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. बक्षीस धरूनही ७.२५ डॉलर भरले नाहीत, तरच मालकाने भर घालावयाची. असले बक्षीस आपल्याला नको.

परंतु पगार टेबलाशी उभे राहण्याचा असतो. पाळी सुटून आलेला कामगार घाईत आहे हे ओळखून त्याची भाकरी आधी सांगणे, म्हाताऱ्यांच्या ताटात कडक भाकरीऐवजी मऊ पाहून वाढणे, ताक संपलेले न मागता भरणे, हे पगारात बसत नाही. ते गिऱ्हाइकासाठी केलेले असते, म्हणून त्याचे मोल गिऱ्हाइकानेच करावे. सुप्रीम कोर्टानेही २०१६ साली आयटीसीच्या खटल्यात बक्षीस हे गिऱ्हाइकाकडून येते, मालकाकडून नव्हे, म्हणून तो पगार नाही, असे सांगितले. निकाल आयकराबाबतचा होता, पण मला तो आईच्या निकालाचाच भाऊ वाटतो.

मोठ्या हॉटेलांत बिलातच 'सर्व्हिस चार्ज' लावतात. तो आपोआप लावू नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढल्या, व २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली हायकोर्टाने त्या उचलून धरल्या. हे योग्यच झाले. सक्तीने घेतलेले बक्षीस कसले? शिवाय बिलातला पैसा आधी गल्ल्यात जातो. तेथून वेटरपर्यंत किती येतो हे जेवणाऱ्याला दिसत नाही.

आमच्याकडे अडचण निराळी आहे. आता बहुतेक लोक काउंटरवरच मोबाईलने पैसे भरतात. सुटे उरत नाहीत, बशी रिकामीच परत येते. कोणी कंजूष झाले असे मी म्हणत नाही. बशीकडे पाहण्याचे कारणच उरले नाही. तरी खिशात दहाची नोट असली, तर ती वाढणाऱ्याच्या हातात द्यावी. टेबलावर फेकू नये. नसली तर नाव घेऊन "भाकरी गरम होती" म्हणावे, त्यानेही उरलेली रात्र बरी जाते. वाढण्यात हयगय झाली असेल, तर मुळीच देऊ नये.

रात्री बारानंतर आम्ही बशीतले पैसे एका डब्यातून काढून वाटतो. भांडी घासणारा पोरगा आणि भाकरी थापणाऱ्या मावशी कधी टेबलापर्यंत येत नाहीत, गिऱ्हाइकाला ते ठाऊकही नसतात. त्यांचा वाटा आमच्याइतकाच. गेल्या आठवड्यात एका रात्री डब्यात तीस रुपये निघाले आणि आम्ही पाच जण होतो. मावशी म्हणाल्या, "माझं राहू दे, तुझी फी हाय." मी सहा रुपये त्यांच्या हातावर ठेवले.